खाचवाली मावशी

माझ्या मावशीने तेवीस वर्षं डोंगरात हरवणाऱ्या माणसांची सोय केली, आणि स्वतः मात्र तिसऱ्या मजल्याच्या वर कधी चढली नाही. डोंगर चढणं हे पोट भरलेल्यांचं दुखणं आहे, असं तिचं स्पष्ट मत होतं. "घरी गाद्या असताना दगडावर झोपायला जातात. जाऊ देत बापडे. पण गेलेला माणूस परत तर आला पाहिजे ना?"

आमच्या कारखान्यात डोंगरात जाणाऱ्यांसाठी जीव वाचवायचं सामान भरलं जातं. कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याचं छप्पर, एक लांब टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बारा बायका आणि फिरण्यापेक्षा कुरकुर जास्त करणारा पंखा. प्रत्येकीला एक नंबर. आपण भरलेल्या पेटीत आपला नंबर आणि तारखेची चिठ्ठी टाकायची. मावशी सात नंबर, मी अकरा. सगळ्याच बायका तिला मावशी म्हणायच्या. खरी भाची मी एकटी, आणि त्याचा मला काडीचा फायदा झाला नाही. चूक कुणाचीही असो, पहिली बोलणी मी खायची.

पूर्वी पत्र्याची पेटी असायची, वर घट्ट झाकण. आत दोरी, चंदेरी पांघरूण, मेणात बुडवलेल्या काड्या, मेणबत्ती, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जखमेची पट्टी, होकायंत्र, घडीचा चाकू. शिट्टी सगळ्यात वर. हा क्रम मावशीने लावलेला. "घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा शोधत नाही. पहिल्यांदा हात घालेल तेव्हा हाताला शिट्टीच लागली पाहिजे." एखाद्या नवीन बाईने शिट्टी खाली टाकली की मावशी सगळी पेटी टेबलावर उलटी करायची आणि म्हणायची, "घे, हरवलीस तू. शोध आता."

नवीन काही सामान आलं की त्याची परीक्षा तिच्या घरी व्हायची. बर्फाच्या पाण्याची बादली, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत, आणि समोर खुर्चीवर घड्याळ घेऊन काका. काका म्हणजे तिचे यजमान. त्यांची फुप्फुसं कधीची थकलेली, नाकाला प्राणवायूची नळी, पण घड्याळ मोठ्या रुबाबात धरायचे. पाच मिनिटं झाली की म्हणायचे, "काढ." मग मावशी लाकडासारख्या झालेल्या बोटांनी काडी ओढायची, गाठ सोडायची. जमलं तर सामान पास. न जमलं तर दुसऱ्या दिवशी थोरल्या साहेबांच्या टेबलावर ते सामान आणि समोर मावशी. थोरले साहेब तिचं ऐकायचे. कटकट टाळायला ऐकत असतील, पण ऐकायचे.

ते गेले आणि धाकटे साहेब आले. शिकलेले, गोड बोलणारे, आणि कुठल्याही गोष्टीला 'जुनं' म्हटलं की ती निकालात निघाली असं मानणारे. त्यांनी पत्र्याची पेटी बंद केली आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट आणलं. सामान आत ठेवायचं, मशीनने हवा ओढून घ्यायची, कडा तापवून बंद. चपटं, हलकं, दिसायला झकास. पाण्याचा थेंब आत जायची सोय नाही.

मावशीने पहिलं पाकीट घरी नेलं. त्या दिवशी मीही होते. काका "काढ" म्हणाले, मावशीने बादलीतून हात काढले आणि पाकीट धरलं. बोटं सटकली. परत धरलं, परत सटकली. मग दाताने ओढलं, दात घसरले. पाच मिनिटं ती त्या पाकिटाशी झुंजली. शेवटी हिरडीतून रक्त आलं, पाकीट जसंच्या तसं. काका हसत म्हणाले, "अगं, चाकूने काप की."

"चाकू आत आहे," मावशी म्हणाली. काकांचं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती धाकट्या साहेबांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाही पाजला. "मावशी, लोक घरीच उघडून बघतात हो." मावशी म्हणाली, इतकं घट्ट बंद केलेलं कोण उघडून बघतं, उलट जपून ठेवतात. साहेब म्हणाले, बघू. पालथ्या घड्यावर पाणी. ते 'बघू' आजतागायत कुणी बघितलेलं नाही.

मग मावशीने आपला उपाय केला. पर्समधली नखं कापायची छोटी कात्री काढली आणि पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, बंद केलेल्या कडेच्या बाहेर, तिळाएवढी खाच दिली. आत हवा जात नव्हती, पाणी जात नव्हतं. पण त्या खाचेत दात अडकवून ओढलं की पाकीट सर्रकन फाटायचं. तिने ते बर्फाच्या पाण्यात हात घालून करून बघितलं, काकांनी वेळ मोजली. चार सेकंद. काकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं.

तेव्हापासून ती खाचवाली मावशी. आपल्या पाकिटांना तर द्यायचीच, पण माझी पाकिटंही खोक्यात जाण्याआधी तिच्या हाताखालून जात, त्यांनाही द्यायची. मला स्वतःला कधी द्यावीशी वाटली नाही. ती देतेच आहे तर मी कशाला, असा माझा सरळ हिशेब.

पुढे दुकानदारांकडून काही पाकिटं परत आली. कोपरा फाटलाय म्हणे. भिंतीवर नोटीस लागली: पाकिटावर कसलाही काप देऊ नये. मावशीने ती चष्मा लावून वाचली आणि चष्म्यासकट विसरली. आठवड्याने धाकटे साहेब स्वतः तिच्या मागे येऊन उभे राहिले तेव्हा कात्री तिच्या बोटातच होती. ते ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडतो. "मावशी, तुमचे चार महिने राहिलेत. ते नीट पूर्ण करा. पुन्हा दिसलं तर मात्र माझा नाइलाज होईल."

नाइलाज म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. निवृत्तीपर्यंत टिकली तर काकांना औषध आणि प्राणवायू फुकट मिळवून देणारं कारखान्याचं कार्ड जन्मभर चालू राहणार होतं. मधेच काढून टाकली तर त्याच दिवशी बंद.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं. मीच. दुसऱ्या कुणी नाही. म्हटलं, "मावशी, हात दाखवून अवलक्षण कशाला? आपण बरं, आपलं काम बरं. डोंगरात जाणारे आपले कोण लागतात? काकांकडे बघ."

ती बराच वेळ डब्याचं झाकण उघडत आणि लावत बसली. मग पर्समधून कात्री काढून माझ्या हातात ठेवली. "माझ्याकडे राहिली तर हात जाईल. तूच ठेव." मला त्या क्षणी स्वतःचं फार कौतुक वाटलं. घर वाचवलं म्हणून.

सात आठवड्यांनी बचाव पथकातला एक माणूस आणि एक पोलीस कारखान्यात आले. धाकट्या साहेबांनी मला आणि मावशीला आत बोलावलं. मला नंबरामुळे, तिला सगळ्यात जुनी म्हणून. टेबलावर आमचं एक पाकीट होतं. एक शाळामास्तर धुक्यात सोबत्यांपासून चुकले होते. तिसऱ्या दिवशी सापडले तेव्हा थंडीने गेलेले. खालच्या वाटेवरून माणसं हाका मारत दोनदा गेली होती, शंभर पावलांवरून. शिट्टीचा आवाज नक्की पोचला असता, असं पथकातला माणूस म्हणाला. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता.

शिट्टी पाकिटातून स्पष्ट दिसत होती. सगळ्यात वर. तिच्याखाली चिठ्ठी: नंबर अकरा. तारीख त्या सोमवारनंतरच्या गुरुवारची. कात्री माझ्याकडे येऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

"बघा तुम्ही," धाकटे साहेब पाकीट उचलून पोलिसाला म्हणाले, "तीन दिवस उघड्यावर पडलं होतं, तरी आत पाण्याचा थेंब नाही. आमच्या मालात दोष नाही."

मावशीने हात पुढे केला. पाकीट घेतलं, खिडकीकडे गेली, उजेडात धरलं. कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. प्लास्टिक पांढरं पडलं होतं, चुरगळलं होतं, फाटलं नव्हतं. कुठला कोपरा ते मी लिहायला हवं का? उजवा, वरचा. ती जिथे खाच द्यायची तिथेच मास्तर चावत बसले होते. तिने पाकीट परत टेबलावर ठेवलं आणि पदराने हात पुसले.

पोलिसाने कागद पुढे केला. पाकीट नियमाप्रमाणे बंद केलं होतं, असं मी लिहून द्यायचं होतं. ते खरंच होतं. नियमाप्रमाणेच केलं होतं. मी सही केली. माझं अक्षर त्या दिवशीही छान आलं.

मावशी मला काही बोलली नाही. नेहमीसारखी शेजारी बसायची, चटणीसकट डबा पुढे सरकवायची. रागावली असती तर बरं झालं असतं. आयुष्यभर फुटकळ चुकांसाठी ओरडली, आणि एकदा खरंच ओरडायचं होतं तेव्हा गप्प बसली.

तिच्या निरोपाच्या दिवशी टेबल पुसून त्यावर केक ठेवला. धाकट्या साहेबांनी भाषण केलं, त्यात 'कुटुंब' हा शब्द सहा वेळा आला. मग त्यांनी भेट दिली: सोनेरी फीत बांधलेलं आमचंच पाकीट. "तेवीस वर्षं दुसऱ्यांसाठी भरलंत, हे तुमच्यासाठी." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशीने फीत सोडून बाजूला ठेवली. पाकीट साहेबांच्या हातात परत दिलं. "तुमच्याच हाताने उघडून द्या, साहेब."

साहेब हसले. बोटांनी ओढलं. मग नखांनी. मग हसतच दाताला लावलं, आणि लगेच खाली घेतलं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "अरे, कात्री द्या कुणीतरी."

"हिच्याकडे आहे," मावशीने माझ्याकडे बोट केलं. "चार महिने हिच्याकडेच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्स उघडली, कात्री काढली आणि साहेबांना दिली. त्यांनी कोपरा कापला, पाकीट उघडलं, शिट्टी वर काढून दाखवली. पुन्हा टाळ्या. मग केक कापला आणि सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

काका त्यानंतर आठ महिने जगले. कार्ड शेवटपर्यंत चाललं, हे मी स्वतःला अधूनमधून सांगते. मावशीकडे गेले की ती चहा करते, मुलांची चौकशी करते, कामाचं विचारत नाही. भिंतीवरची नोटीस आहे तिथेच आहे. माझी अजून चौदा वर्षं बाकी आहेत.

साहेबांनी त्या दिवशी कात्री परत दिली होती. ती माझ्या पर्समध्येच असते. नखं कापायला वापरते.