नव्या चुड्याचा नेम

देगलुरात मी सून होऊन आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती आणि गावच्या चावडीवर हैदराबादेहून आलेला एक इश्तिहार डकवलेला होता. उर्दूत. माझे सासरे मुन्सिफ कोर्टात वकील. त्यांनी तो वाचला आणि घरी कुणापाशी चकार शब्द काढला नाही, कारण त्यात बायकांच्या छातीत होणाऱ्या गाठीबद्दल लिहिलं होतं. बाकी गावानं वरचा सरकारी शिक्का तेवढा पाहिला आणि नवा कर बसला असं समजून तोंडं वाकडी केली. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बायका चावडीकडे फिरकायच्या नाहीत, फिरकायचे त्यांना वाचता येत नव्हतं, आणि वाचता येणारे लाजून गप्प बसले. सरकारला मात्र आपण रयतेला शहाणं केल्याचं समाधान मिळालं असणार.

ते काम शेवटी केलं चतुराबाईनं. ती बांगडीवाली. डोक्यावर टोपलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि जीभ अशी की अवघडलेल्या सुनेलाही हसू फुटावं. तिचा नवरा मलप्पा इंग्रजी मुलखात, सोलापूरच्या गिरणीत गेला तो गेलाच. पहिली एक-दोन वर्षं कुणाकुणाबरोबर निरोप यायचा, मग तोही थांबला. मूलबाळ नाही. तरी दर दिवाळीला ती स्वतःच्या हातांत हिरवा चुडा भरायची, तोही स्वतःच. दुसऱ्याच्या हातात बांगडी चढवणं सोपं, आपल्या हातात आपणच चढवायची म्हणजे कसरत. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या बांगडीवालीकडून का भरून घेत नाही? तर म्हणाली, "तिनं इचारलं, मालक कवा येनार, तर काय सांगू?"

सरकारी दवाखान्यात तेव्हा लक्ष्मम्मा नावाची डॉक्टरीण होती. तेलुगू बाई, मराठी मोडकंतोडकं. तिनं चतुराबाईला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "तू बायकांचा हात धरते, त्या तुला काही म्हणत नाही. मी नाडी बघायला गेली, तर हात ओढून घेते." मग तिनं दार लावून समजावलं. बोटं सपाट ठेवून छातीवर गोल फिरवायची. गाठ लागली तर दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही, न दुखणारीच जास्त बघावी लागते. सगळ्या गाठी वाईट नसतात, पण दाखवल्याशिवाय ते कळत नाही. लवकर कळली तर हैदराबादेत कापून काढता येते, उशीर झाला तर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

चतुराबाईनं आधी हे जसंच्या तसं सांगून पाहिलं. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कुंकू संपलं म्हणत नाहीत. अशा माणसांसमोर भरल्या टोपल्यापाशी बसून गाठ आणि मरण बोलायचं! बायकांनी कानांवर हात ठेवले. एकीनं तर ती उठून गेल्यावर उंबऱ्यावर पाणी टाकलं.

तेव्हा तिनं डोकं लढवलं. पुढच्या फेरीला ती आमच्या ओसरीवर बसली, माझा हात दाबून मऊ केला, बांगड्या चढवल्या आणि सासूबाईंकडे बघून म्हणाली, "नव्या चुड्याचा नेम ठावं हाय न्हवं? चुडा भरला की पयल्या न्हान्याला छातीवर हात फिरवून बघायचं. जोंधळ्याच्या दाण्याएवढं जरी लागलं तरी लक्ष्मम्माला दावायचं. नवऱ्याला आवुक्ष मिळतंय."

"कुठला नेम हा?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या आजीच्या गावाकडं करत्यात. लई जुना हाय."

जुना म्हटल्यावर आमच्या सासूबाई विरघळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न्हाणीघरात पाठवताना बजावून सांगितलं, आणि पूर्वेला तोंड करून बघ, ही स्वतःची भरही घातली. पाहता पाहता नेम गावभर झाला. लेकी सासरी गेल्या, त्यांच्याबरोबर तो धर्माबादला गेला, हिमायतनगरला गेला. नवऱ्याच्या आयुष्यासाठी आमच्या बायका विस्तवावरून चालतील, हे तर स्वतःच्याच अंगावर हात फिरवायचं काम. लक्ष्मम्माकडे बायका येऊ लागल्या. बऱ्याचजणींना काही नव्हतं, त्यांना तिनं हसून परत पाठवलं. शेजारच्या खेड्यातल्या सिंधूला मात्र होतं. तिला हैदराबादला नेलं, गाठ काढली, आणि ती परत आली ती थेट चतुराबाईपुढे चुडा भरायला बसली. त्या दिवशी चतुराबाईनं पैसे घेतले नाहीत.

लक्ष्मम्मा तेवढी कुरकुरली. "खोटं कशाला सांगते?"

"खोटं कुठं हाय, डाक्टरीणबाई? बायको मेली तर नवरा कुनाच्या हातचं खाईल?"

डॉक्टरीण हसून पुढच्या बाईकडे वळली. मलाही हे सांगणं फार हुशारीचं वाटलं होतं.

आमच्या घरात माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण होती, तारामती. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. विशीच्या आतच नवरा गेला, तेव्हापासून तांबडं आलवण नेसून भावाच्या घरी. चतुराबाई आणि त्या धर्माबादकडच्या एकाच गावात लहानाच्या मोठ्या झालेल्या. एकीच्या बापाची वतनदारी, दुसरीच्या बापाचं बांगड्यांचं टोपलं, पण ओढ्यात खेळताना ते कुणी विचारत नाही. बांगड्या भरायचा दिवस आला की आत्याबाई कुणी न सांगता मागच्या पडवीत निघून जात. सगळं आटोपलं की चतुराबाई टोपलं पुढच्या ओसरीवरच ठेवायची, वर जुन्या लुगड्याचा धडपा टाकायची, आणि वळसा घालून परसदारी पाणी मागायला जायची. मग दोघींच्या गप्पा चालत. गावच्या, ओढ्याच्या, मेलेल्या माणसांच्या. दोघींनाही दुसरं बोलायला कुणी नव्हतंच. चुड्याचा विषय मात्र चतुराबाई तिथे चुकूनही काढायची नाही. जखमेवर मीठ कशाला, असं तिला वाटायचं.

असाच एकदा तिनं पाण्याचा तांब्या मागितला. आत्याबाईंनी डाव्या हातानं ओतलं. चतुराबाई म्हणाली, "उजव्याला काय झालं?"

"काही नाही गं. उचलत नाही नीट."

मी तुळशीपाशी होते. चतुराबाईनं तांब्या खाली ठेवला, आत्याबाईंना पडवीत नेलं आणि पदर बाजूला केला. दोघी बाहेर आल्या तेव्हा चतुराबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाठ आता गाठ राहिलीच नव्हती, जखम झाली होती, आणि आत्याबाई जुन्या धोतराच्या घड्या लावून ती झाकत होत्या. कपडे पहाटे स्वतः धूत, म्हणून घरात कुणाला पत्ता नव्हता.

"कवापासनं हाय हे?"

"झाली की दोन वर्षं. आधी अगदी एवढीशी होती."

"आन् बोलली न्हाईस? समद्या गावाला मी बोंबलून सांगून राहिले, तारा! तुला भिंतीआडनं ऐकू येत नव्हतं?"

आत्याबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "येत होतं की. पण ते नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं ना? मला त्याचं काय?"

चतुराबाई तिथंच जमिनीवर बसली. तिच्या तोंडून निघाला तसा आवाज मी माणसाच्या गळ्यातून पुन्हा ऐकला नाही. त्याला रडणं म्हणावं की काय, कळत नाही.

लक्ष्मम्मा घरी आली, तिनं पाहिलं आणि हात धुताना स्वतःशीच म्हणाली, "आलस्यम् अयिंदि." उशीर झाला. कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. पुढचे महिने चतुराबाई रोज येऊन जखम धुऊन द्यायची. सासूबाईंनी सोवळ्याचं काहीतरी काढलं, तर तिनं फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. आत्याबाई थंडी संपता संपता गेल्या. त्यांना नेताना चतुराबाई गल्लीच्या टोकाला एकटीच उभी होती, आमच्यातली ती कुणीच नव्हती ना.

त्यानंतर तिनं स्वतःच्याच हातानं स्वतःचा धंदा बुडवला. दारोदार जाऊन सांगू लागली, की त्या नेमाचा आणि नवऱ्याचा काही संबंध नाही, मीच रचलं होतं ते. सगळ्यांनी बघायचं. सवाष्णीनं, विधवेनं, टाकलेलीनं. स्वतःच्या जिवासाठी बघायचं. लक्ष्मम्मानंसुद्धा सांगून पाहिलं, की चाललंय ते चालू दे, विधवांना वेगळं सांग. पण चतुराबाईला आता अर्धं खरं सांगवेना.

बायका खवळल्या. नेम पाळूनही जिचा नवरा तापानं गेला होता तिनं तर भर बाजारात शिव्या घातल्या. कुणी म्हणालं, हिचा स्वतःचा नवरा पळाला, म्हणून आमच्या नवऱ्यांच्या आयुष्याशी खेळते. विधवांच्या खोल्यांत जाऊन आलेली बाई, तिच्या हातचा चुडा अशुभ, असंही निघालं. गावात दुसरी बांगडीवाली होतीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बऱ्याचजणींनी बघणंच सोडून दिलं. नवऱ्यासाठी नाही, मग उगाच अंग चाचपडायचं कशाला, अशी आमच्या गावची अक्कल. शेवटी ही बाई आठवडी बाजारात टोपलं पुढ्यात घेऊन दिवसभर बसायची आणि संध्याकाळी बहुतेक भरलेलंच उचलून न्यायची.

थोडी गिऱ्हाइकं उरली होती, त्यांच्यासाठी तिनं नवीन अट घातली. शेवटची बांगडी हातात धरून ठेवायची, आणि बाईनं मोठ्यानं म्हटल्याशिवाय चढवायची नाही: मी माझ्या जिवासाठी बघीन. बायका फिदीफिदी हसत. काही उठून जात.

मी बाजारात गेले तेव्हा तिच्यापुढे कुणी नव्हतं. मी हात पुढे केला. शेवटच्या बांगडीला ती थांबली. मी आजूबाजूला पाहिलं. एवढं साधं वाक्य, पण जन्मात कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे जीभ वळेना. मग म्हटलं एकदाचं. तिनं बांगडी चढवली आणि माझा हात सोडला.

तिच्या हातांतला हिरवा चुडा नवा होता, म्हणून मी सहज विचारलं, "आणि चतुराबाई, तुम्ही बघता ना?"

"बघते की. दर चुड्याला बघते."

"मग म्हणा की तुम्हीपण."

तिनं तोंड उघडलं. मिटलं. टोपल्यातल्या बांगड्यांच्या माळा उगाच सारख्या केल्या.

"मी अजून मलप्पासाठीच बघते गं," ती म्हणाली. "माझ्या तोंडाला ते दुसरं येतच न्हाई. तुमी पोरी म्हना."