उन्हाळ्यात पाणी न मागणारं झाड

मुलाच्या घरामागे एक जुना ओक आहे. आम्ही दोघं कॅलिफोर्नियात आलो ते भर उन्हाळ्यात. टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. ते बघून बायकोचा जीव कळवळला आणि ती रोज सकाळी ओकच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतू लागली.

काल कुंपणापलीकडच्या आजी येऊन सुनेशी काहीतरी बोलल्या. सून चाचरतच म्हणाली, "आई, या झाडाला उन्हाळ्यात पाणी नका घालू. मुळं कुजतात त्याची."

"तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही? हा कुठला न्याय?"

न्याय नव्हे, हवामान. आपल्याकडे वैशाखात तापलं की ढगांकडे बघायचं, हे माणसांच्या आणि झाडांच्या अंगात मुरलेलं. इथे पाऊस येतो थंडीत. उन्हाळा कोरडाच जायचा, हे या झाडाला ठाऊक असतं. पानं लहान, जाड, चामड्यासारखी राखून ते गप्प उभं राहतं. टेकडीवरची झुडपंही तशीच. आपल्याला त्यांची तहान दिसते, पण ती आपल्या गावची असते.

आज सकाळी बादली न्हाणीघरातच राहिली. ही बराच वेळ झाडाखाली नुसती उभी होती.

दुपारी मुलाच्या ताटात नेहमीसारखी तिसरी पोळी टाकताना तिचा हात मध्येच थांबला.

"वाढू का रे?"

मुलगा दचकून वर बघायला लागला. हा प्रश्न त्याला आईने आजवर कधी विचारलाच नव्हता.