देवाला सांगितलंत, आता आमदारांना सांगा

वत्सलाताई सोनवणे यांची आणि माझी पहिली भेट झाली तो गुरुवार होता. वार पक्का लक्षात आहे, कारण माझा उपास होता आणि हातात प्रसादाची पुडी होती. आमचे यजमान दिलीपराव नारायण पेठेत ताईंच्या लॅबमध्ये कवळ्या तयार करतात. त्या दिवशी ते डबा विसरून गेले, म्हणून मी मांजरीहून बसनं डबा घेऊन आले होते. खरं सांगायचं तर डबा हे निमित्त होतं. आठ दिवस हे धड जेवत नव्हते आणि विचारलं की ‘काही नाही’ म्हणत होते. कामावर तरी ठीक आहेत का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

दारात पांढऱ्या कोटातल्या एक बाई उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत प्लास्टरनं भरलेले. मी ओळख सांगून प्रसाद पुढे केला. त्यांनी आधी हात धुतले आणि मग दोन्ही हातांत तो घेतला. ताई बौद्ध घरातल्या, देवापुढे त्या हात जोडत नाहीत, हे मला मागाहून कळलं. पण प्रसाद त्यांनी टेबलावर ठेवून दिला नाही, माझ्यासमोर खाल्ला. उपास कशासाठी, असं विचारलं. नवा कायदा येतोय म्हणतात, तो टळावा म्हणून अकरा गुरुवार बोलले आहे, असं मी सांगितलं. ताई म्हणाल्या, “देवाला सांगितलंत, बरं केलंत. आता आमदारांना सांगा.”

मला राग आला. पेठेतलं बोलणं असंच असतं हे ठाऊक होतं, पण उपाशी पोटी टोमणा जास्त लागतो. तो टोमणा नव्हता, साधी सूचना होती, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

ताईंच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या वाचकांत व्यवसायाबाहेरचेही पुष्कळ असतील, म्हणून थोडं सांगते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात. त्या मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात आणि शेवटी कवळी, हे सगळं लॅबमधली माणसं करतात. ज्यांच्या तोंडात ती कवळी जाते ते यांना कधी पाहत नाहीत. या व्यवसायाच्या नोंदणीसाठी एका कायद्याचा मसुदा निघाला होता. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र नसेल त्यानं हे काम करायचं नाही, असं त्यातलं एक कलम होतं. आमचे यजमान हे काम ताईंच्या हाताखाली बसून शिकले. तीस वर्षं हात चालला, पण कागद एकही नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसानं मसुदा वाचला आणि त्याचं अन्न उतरेना, एवढीच आमच्या घरातली गोष्ट.

ताईंकडे प्रमाणपत्र होतं. त्या कलमानं त्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. लॅबवाल्यांनी एक मंडळ काढलं, त्याच्या पहिल्या बैठकीत कोणीतरी त्यांना तसं बोलूनही दाखवलं, की ताई, तुम्हाला काय, तुम्ही सुटलात. त्यावर ताई म्हणाल्या, “माझं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. काम या माणसांच्या हातात आहे. भिंत कवळी करत नाही.” मी मागच्या रांगेत बसले होते. मंडळाची जमाखर्चाची वही मी लिहावी असं त्याच दिवशी ठरलं होतं, म्हणून मला बैठकीला बसायला मिळालं. त्या वाक्यानंतर यजमानांनी बऱ्याच दिवसांनी मान वर केलेली मी पाहिली.

ताईंच्या कामाबद्दल या अंकात जाणकार मंडळी लिहितीलच. मला एकच प्रसंग ठाऊक आहे. लोणी काळभोरच्या एका आजींची कवळी डॉक्टरांकडून तीन वेळा परत आली. दर वेळी चिठ्ठी असायची की टोचते. यजमानांनी तीनदा घासली, मापात खोट सापडेना. शेवटी ताईंनी डॉक्टरांची परवानगी काढली आणि त्या स्वतः दवाखान्यात जाऊन आजींसमोर बसल्या. त्यांनी कवळीला हात लावला नाही, आजींना बोलतं केलं. आजी सुनेच्या तक्रारी सांगत बसल्या आणि ताई त्यांच्या गालाकडे पाहत राहिल्या. परत येऊन त्यांनी एका दाताच्या मागे नखाएवढी जागा दाखवली. “साच्यावर दात दिसतात, दुखणं दिसत नाही. ते माणसाला विचारावं लागतं,” असं त्या यजमानांना म्हणाल्या. चौथ्यांदा कवळी परत आली नाही.

आमदारांना लिहायच्या पत्रांबद्दल ताईंचा आग्रह नेमका असाच होता. मंडळातल्या एकानं छान छापील मजकूर करून आणला होता, ‘तीव्र निषेध’ वगैरे, खाली फक्त सही करायची. ताईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. एका साच्यात दोन माणसांच्या कवळ्या काढता का, असं त्यांनी त्याला विचारलं. मग पत्र कसं निघेल? आपण कोण, राहतो कुठे, कुठल्या कलमाबद्दल बोलतो आहोत, त्यानं आपल्या हातून काय जाईल आणि आपल्याला काय हवं आहे, एवढंच प्रत्येकानं आपल्या अक्षरात लिहायचं. कलम काढा असंही मागायचं नाही. अनुभवी माणसांची परीक्षा घ्या आणि नोंदणी द्या, असं मागायचं.

लोक घाबरत होते, मीही घाबरत होते. आपण हातानं काम करणारी माणसं, आमदारांपुढे काय बोलणार. शिवाय आज प्रमाणपत्राचं कोणी विचारत नाही, पत्रात लिहून दिलं की आयतेच नजरेत येऊ, असं एक जण म्हणाले. माझ्याही मनात तेच होतं. ताईंनी मसुद्याचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “तुम्ही यात आधीच आला आहात. नजरेत यायचं राहिलंय कुठं?”

पत्रं जमू लागली. त्यांची नोंदवही आणि पाकिटांवरचे पत्ते हे काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर बरं आहे आणि मला कागद वाया घालवलेला चालत नाही, म्हणून असेल. ताईंनी सांगितलं होतं की प्रत्येकाचा राहण्याचा पत्ता घ्या. दोनदा सांगितलं होतं. पण मला वाटलं, कशाला एकेकाला फोन करून त्रास द्यायचा, सगळ्यांचे छापील लेटरहेड आपल्याकडे आहेतच. मी त्यांवरचे पत्ते उतरवले. आमच्या या लोकांची ओळखच लॅबच्या पत्त्यानं असते. घरचा पत्ता डॉक्टर विचारत नाहीत आणि कुरिअरवालाही विचारत नाही. त्यामुळे पत्रांवर सह्या करताना कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

जवळजवळ सगळ्या लॅब पेठांतल्या, म्हणून सगळा गठ्ठा घेऊन आम्ही पेठेतल्या आमदारांच्या कार्यालयात गेलो. ताई, यजमान आणि वही धरून मी. आमदारांचे सहायक तरुण होते, नम्र होते. त्यांनी पाणी दिलं, गठ्ठा सोडला, दहा-बारा पत्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, “ताई, यातले आमचे मतदार किती?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

ते म्हणाले, हे तर दुकानांचे पत्ते दिसतात. माणसं राहतात कुठं? आणि मग माझ्या लक्षात आलं. पेठेत आता राहतं कोण? आम्ही मांजरीला. कोणी लोणी काळभोरला, कोणी खडकवासल्याच्या पुढे, जिथे घर परवडलं तिथे. सगळे सकाळी पेठेत येतात आणि संध्याकाळी आपापल्या आमदाराच्या हद्दीत परत जातात. त्या गठ्ठ्यात पेठेचे मतदार चार निघाले. मसुद्यावर हरकती पाठवायला नऊ दिवस उरले होते.

सहायक काही वाईट बोलले नाहीत. पुणेरी पद्धतीनं एवढंच म्हणाले की साहेब वाचतील हो, पण दुसऱ्याच्या शेतातलं पीक साहेब किती राखणार. ताईंनी ताबडतोब चूक स्वतःवर घेतली. म्हणाल्या, कुठला पत्ता लिहायचा हे मीच नीट सांगितलं नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी गुडघ्यावर ठेवलेला माझा हात दाबला.

जिन्यात मी त्यांना खरं सांगितलं. रडू येत होतं. माझ्या चुकीनं माझ्याच घरच्या माणसाचं काम जाणार, हे एकच मनात होतं. ताई एक पायरी खाली उभ्या होत्या, वर वळून म्हणाल्या, “मला माहीत आहे. ते वर सांगून काय मिळालं असतं? आता चला. वही उघडायची आहे.”

यजमान पुढे चालत होते. त्यांना हे ऐकू गेलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

लॅबमध्ये प्रत्येक पेशंटचा साचा एका छोट्या ट्रेमध्ये ठेवतात, नावाची चिठ्ठी लावून. म्हणजे एकाचा वरचा जबडा दुसऱ्याच्या खालच्या जबड्याला जात नाही. ताईंनी रिकामे ट्रे काढले आणि एकेका मतदारसंघाची चिठ्ठी एकेका ट्रेला लावली. मी प्रत्येकाला फोन केला, घरचा पत्ता विचारला, आणि या वेळी तो परत वाचून दाखवला. पत्रं पुन्हा लिहिली गेली. ताईंचा नियम होता की आपलं पत्र आपण न्यायचं, जमेल तर समोर बसून द्यायचं.

मांजरीच्या ट्रेमध्ये यजमानांचं पत्र होतं. ताईंनी त्याच्यावर एक कोरा कागद ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अहो ताई, हा तुम्हा व्यवसायातल्या लोकांचा प्रश्न आहे. मी मॅट्रिक झालेली घरातली बाई, मी काय लिहिणार? त्यांनी विचारलं, मत देता ना? मी म्हटलं, एकही चुकवलेलं नाही. मग लिहा, म्हणाल्या. पाठकोऱ्या कागदावर मी कच्चं लिहिलं, तेवढी सवलत त्यांनी दिली. पक्कं मात्र कोऱ्या कागदावरच, असं बजावलं. मी लिहिलं, माझ्या यजमानांनी केलेल्या कवळ्यांनी आज किती घरांत भाकरी चावली गेली हे त्यांना माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. त्यांची परीक्षा घ्या. नापास झाले तर आम्ही काही बोलणार नाही. पण परीक्षा न घेता नापास करू नका.

आमच्या आमदारांकडे जायच्या दिवशी ताईंनी सोबत यावं म्हणून मी फार विनवलं. त्या आल्या नाहीत. “मी तुमच्या भागात मत देत नाही. मी आले तर ते माझ्याशी बोलतील, तुमच्याशी नाही,” म्हणाल्या. तेव्हा मला ते निष्ठुर वाटलं. बाहेरच्या बाकावर तीन तास आम्ही दोघंच बसलो. मी नामस्मरण करत होते आणि मधेच जप चुकत होता. आत गेल्यावर यजमानांनी मला पुढे केलं. मी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग यजमानांनी पिशवीतून एक प्लास्टरचा साचा काढून टेबलावर ठेवला. आमदारसाहेबांनी तो उचलून विचारलं, हे असं वाकडं का? आणि आमचे हे, जे घरी ‘काही नाही’ एवढंच बोलतात, ते दहा मिनिटं बोलले. साहेबांनी त्या कलमाचा आकडा स्वतःच्या हातानं टिपून घेतला.

पुढे ते कलम थांबलं. फेरविचारासाठी समितीकडे गेलं. वेगवेगळ्या भागांतल्या आमदारांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला, म्हणून गेलं, असं आम्हाला सांगण्यात आलं. ‘थांबलं’ असं मी लिहिते, ‘टळलं’ असं लिहायला हात धजत नाही. येत्या अधिवेशनात मसुदा पुन्हा येणार आहे. यजमान जेवतात, पण पानावरून उठताना एकदा बातम्या बघतात. अकरा गुरुवार कधीच संपले, तरी मी उपास सोडलेला नाही. ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, दुसरं पत्र गेलं का? गेलं होतं. म्हणाल्या, मग करा उपास, पण दूध तरी घेत जा.

त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते. डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानं त्या एका शेजारच्या परिचारिकेचं बोलणं ऐकत होत्या, म्हणजे तिच्या गालाकडे पाहत होत्या. तिच्या कामाच्या तासांचा काही प्रश्न होता. मी आत शिरले तेव्हा ताई तिला विचारत होत्या, तुम्ही राहता कुठं?

या सत्कारात शाल, श्रीफळ, हार काही नको, असं ताईंनी आधीच कळवलं आहे. येणाऱ्यानं आपल्या आमदाराला लिहिलेल्या पत्राची एक प्रत आणावी, ते पत्र कुठल्याही व्यवसायाचं, कुठल्याही प्रश्नाचं असो, एवढीच त्यांची अट आहे. माझं तिसरं पत्र तयार आहे, घरच्या पत्त्यासकट.

त्यात ताईंच्या प्रकृतीबद्दल, दीर्घायुष्याबद्दल मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्या कलमाचा निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं त्या आम्हाला हव्या आहेत. त्यांचे हात प्लास्टरात भरलेले हवेत आणि ‘पत्र गेलं का’ हा प्रश्न दर आठवड्याला कानावर पडायला हवा. पण एवढी एक गोष्ट कुठल्याच आमदारांच्या हातातली नाही. ती मी जिथे सांगायची तिथे, दर गुरुवारी, सांगते आहे.

— सौ. मंगल दिलीप जगदाळे, मांजरी