सोनाबाईची अकरावी सही

पनवेलच्या मासळीबाजारात सोनाबाई तीस वर्षे एकाच ओट्यावर बसली. या तीस वर्षांत तिने गिऱ्हाइकाला कोळंबी निवडू दिली नाही, शेजारणीला आपल्या होडीवाल्याचे नाव कळू दिले नाही आणि कोणत्याही कागदावर सही केली नाही. सही तिला येत होती. चौथीपर्यंत शिकली होती. परंतु सासऱ्याने एका गोड बोलणाऱ्या माणसाच्या कागदावर अंगठा उठवला आणि खाडीकाठच्या खाजणातले शेत गेले, हे तिने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पाहिले होते. तेव्हापासून माणूस आणि मासळी ती एकाच रीतीने पारखी: आधी कल्ला उघडून पाहायचा.

दोन हजार बारा सालच्या उन्हाळ्यात जीवन तिच्याकडे कागद घेऊन आला. तो तिच्या मावसबहिणीचा मुलगा. बंदरात कारकून, कामगार संघटनेत वीस वर्षे मुरलेला, समाजवादावर मनापासून श्रद्धा असलेला. बाजारामागे एक खोली रिकामी झाली होती. अकरा कोळणींनी मिळून संस्था काढली, तर तिथे बर्फाच्या पेट्या ठेवता येणार होत्या. शनिवारपर्यंत अकरा सह्या झाल्या नाहीत, तर खोली एका व्यापाऱ्याला जाणार होती. दुपारी बारानंतर मासळी नरम पडू लागली की हाच व्यापारी ती पडेल भावात उचली. सोनाबाईची निम्मी टोपली रोज त्याच्याच घशात जाई.

“मावशी, खोलीचा मालक कोणी एक नाही. तुम्ही अकराही जणी मालक,” जीवन म्हणाला.

“मंग चावी कोणाकडं?”

“आळीपाळीने.”

“म्हंजे चंद्रावतीच्या पाळीला माझा जिताडा तिच्या कालवनात!”

समोरच्या ओट्यावरून चंद्रावती ओरडली, “तुझा जिताडा? तो तर तुझी मांजर बी खात नाय!”

बाजार हसला. सोनाबाई मात्र जीवनकडेच पाहत होती. “आनि तुला काय मिलनार?”

“मला? काहीच नाही.”

हे उत्तर तिच्या मनात मासळीच्या काट्यासारखे रुतले. खाडीवरची रीत तिला ठाऊक होती. जाळे ओढायला ज्याने हात लावला, त्याने वाटा घ्यायचा; मग तो वाटसरू का असेना. वाटा न घेता जो निघून जातो, त्याची नजर मासळीवर नसते, होडीवर असते.

गुरुवारी सुके बोंबील देण्याच्या निमित्ताने ती करंजाड्याला जीवनच्या घरी गेली. त्याची बायको विनिता चहा टाकेपर्यंत तिने डोळ्यांनी घराची झडती घेतली. टीव्ही जुनाच. कपाटाचे दार सुतळीने बांधलेले. नवे असे काही म्हणून नाही.

“तुम्हीच सांगा त्यांना, मावशी,” विनिता म्हणाली. “रविवारीसुद्धा घरी नसतात. मिळत तर काही नाही.”

सोनाबाई आली होती त्याहून अधिक धास्तावून परतली. थोडे थोडे खाणाऱ्याचे पोट कळते. हा काहीच खात नाही, म्हणजे याची भूक केवढी असेल!

शनिवारी सकाळपर्यंत दहा सह्या झाल्या. अकरावीसाठी जीवन तिच्यापुढे उभा राहिला. सोनाबाईने टोपलीतल्या दोन बोयी पानात बांधून त्याच्यापुढे ठेवल्या.

“ह्यो तुझा वाटा. घे, मंग सही करते.”

“मावशी, हे घेतलं तर लोक म्हणतील, जीवनने कमिशन खाल्लं.”

“नाय घेतलंस तर मी म्हनते, तुला खोलीच खायची हाय.”

त्याने घड्याळ पाहिले. कागद पाहिला. मग पान उचलून पिशवीत टाकले. सोनाबाईने हात पुसले आणि नवऱ्याच्या नावासह, आडनावासह, अक्षर अक्षर जुळवून सही केली.

इतक्यात चंद्रावती ओट्यावरून खाली उतरली. पहिली सही तिची होती. जीवन कोणाचा साधा चहाही घेत नाही, एवढ्याच भरवशावर तिने ती केली होती.

“घेतलंस ना शेवटी? काट माझं नाव.”

“अगं, तो वाटा हाय त्याचा,” सोनाबाई म्हणाली.

“वाटा तुझ्या टोपलीतला. मंग पयली पेटी बी तुझीच लागनार!”

तिने जीवनच्या हातातले पेन ओढले आणि स्वतःच आपल्या नावावर रेघ मारली. उरल्या दहा.

दुपारभर सोनाबाई ओट्या-ओट्यावर फिरली. जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्यासाठी शब्द टाकत होती. बायका तिचे ऐकून घेत, तिच्या पदराकडे, कनवटीकडे पाहत आणि गिऱ्हाइकाला हाक मारत.

खोली व्यापाऱ्याला गेली. महिन्याभरात तिथे त्याच्या बर्फाच्या पेट्या आल्या. मासळी ठेवायला टपामागे एक मासा, तोही व्यापारी निवडेल तो, असा त्याचा दर ठरला. चंद्रावतीने पहिल्याच दिवशी टप नेला, सोनाबाईने तिसऱ्या. व्यापाऱ्याने तिच्या टपात कोपरापर्यंत हात घालून सर्वांत मोठी बोय काढली.

त्या वेळी जीवन तिथून चालला होता. तो थांबला. “मावशी, टप ठेवल्याची पावती तरी मागा त्याच्याकडे.”

“त्याची कसली पावती?” सोनाबाई म्हणाली. “त्याला काय हवं ते मला ठाव हाय.”

आणि मागून येणाऱ्या चंद्रावतीचा टप आत जावा म्हणून तिने खोलीचे दार पाठीने रेटून धरले.