काटेअण्णांचा चौथा रकाना

काटेअण्णांचं आडनाव काटे नव्हतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची एक रिकामी डबी असे आणि त्या डबीत बाभळीचे काटे असत, म्हणून सोलापुरातली सगळी भवानी पेठ त्यांना काटेअण्णा म्हणे. सगळे काटे एका लांबीचे, सावलीत वाळवलेले, टोकाला बारीक पॉलिश कागद फिरवलेला. कुणाच्या घरी फोनो, म्हणजे ग्रामोफोन, वाजताना कानावर आला की अण्णा सरळ आत जात, लोखंडी सुई काढायला लावत आणि आपला काटा बसवून देत. "लोखंड प्लेटीला खातंय," ते म्हणत. "काटा सोता झिजतो, प्लेटीला झिजवत न्हाय." काट्याने आवाज बारीक येतो, अशी तक्रार हमखास होई. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मग जवळ बसा की."

अण्णा गिरणीच्या साचेखात्यात फिटर होते. एका छताखाली शेकडो माग चालत, त्या खात्यात. घरात तेलुगू, पेठेत मराठी आणि गिरणीत साहेबापुरतं इंग्रजी, असा त्यांचा व्यवहार. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहत होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. पंचविशीतच मला सगळीकडे याद्या करायची सवय लागली होती. वर्गातल्या खडूंची यादी, घरातल्या डब्यांची यादी, वाचलेल्या पुस्तकांची यादी. अण्णा मला "बाई" म्हणत. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असले तरी त्यांनी मला कधी अहो-जाहोखाली उतरवलं नाही.

गिरणीच्या इंग्रज विणाईमास्तरांच्या फोनोची स्प्रिंग तुटली, तेव्हा ती बसवायला अण्णांना बंगल्यावर बोलावलं होतं. दुरुस्तीनंतर चालतो का पाहायला मास्तरांनी एक प्लेट लावली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं वाद्यवृंदाचं वाजवणं होतं. अण्णा हत्यारं गोळा करायचं विसरून उभे राहिले. नंतर त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं. "बाई, मागं साचा चालतोय. खटक-खटक, चुकत न्हाय. आन पुढं एक माणूस त्याच्याकडं लक्ष न देता आपलं म्हणणं मांडतोय. मी वीस वर्सं साच्यात हाय. साच्यावर असं बोलता येतं, हे मला कुणी सांगितलंच न्हवतं."

त्या दिवसापासून ते अशा प्लेटी जमवू लागले. विलायतेला परत जाणारे मास्तर, क्लबातून बाद झालेला माल, आणि स्टेशनवरचा एक अँग्लो-इंडियन गार्ड, ज्याच्या फोनोची स्प्रिंग वर्षातून दोनदा तरी तुटे. प्लेटीवर ब्लूज असं छापलेलं असे. त्याचा अर्थ मी निळा रंग सांगितला. मग वाद्यांच्या जॅझला ते 'दंगा' म्हणत आणि एकट्यादुकट्याच्या त्या गाण्यांना 'निळी'. गाण्यांतले इंग्रजी शब्द त्यांना समजत नसत, मलाही निम्मेच समजत. त्यांना त्याची पर्वा नव्हती.

त्यांची खरी हौस होती ती प्लेट सुचवण्याची. यातली चांगली कुठली, असं कुणी विचारलं की ते कपाळाला आठ्या घालत. "चांगली-वाईट मला इचारू नका. कुणासाठी पायजे ते सांगा." मग ते समोरच्याला तो दिवस कसा गेला ते विचारत, आणि एक प्लेट काढत. नाव वाचून कुणी आधीच मत बनवू नये म्हणून मधल्या गोल लेबलावर कागदाची चकती ठेवत. भावाशी वाटणीवरून बोलणं सोडलेल्या एका कारकुनाला त्यांनी दोन वाद्यांची एक प्लेट सलग तीन रविवार ऐकवली. "दोघं कसे भांडतात बघा. पण ताल एकानंबी सोडला न्हाय." कारकून भावाशी बोलायला लागला की नाही, मला माहीत नाही. तो चौथ्या रविवारी भावाला घेऊन आला, एवढं मी पाहिलं.

एकशेबारा प्लेटी झाल्यावर यादी करायचं मी मनावर घेतलं. कोरी वही घेतली, तीन रकाने आखले: क्रमांक, नाव, कुठून आली. अण्णांनी वही उलटीसुलटी करून पाहिली.

"कुणासाठी, ते कुटं लिवणार?"

"अण्णा, ते यादीत लिहीत नाहीत."

"मग यादी कशाला?"

मी चौथा रकाना आखला, पण त्यांच्या समाधानापुरता. भरू पुढे कधीतरी, म्हणून रिकामाच ठेवला. नावं नीट उतरली की काम झालं, असा माझा हिशेब होता. प्रत्येक लेबलावर मी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. डिंक संपला तेव्हा अण्णांच्या घरात सुतासाठी शिजवलेली खळ होतीच, तीच वापरली. घट्ट बसते. शाळेला सुट्टी लागली आणि मी बहिणीकडे अकलूजला गेले.

सोलापूरचा मे महिना प्लेटींना वाकवतो. म्हणून अण्णांच्या बायकोने, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, प्लेटींची ट्रंक बाजेखाली सरकवून तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि रोज त्याच्यावर पाणी शिंपडलं. प्लेटी वाकल्या नाहीत. पण ओलाव्याने खळ मऊ झाली आणि पिठाच्या वासाला झुरळं आली. मी जूनमध्ये येऊन ट्रंक उघडली तर चिठ्ठ्या नव्हत्या आणि चिठ्ठ्यांखालची लेबलंही नव्हती. एकशेबारा काळ्या प्लेटी, सगळ्या सारख्या. वहीत एकशेबारा नावं. कुठलं नाव कुठल्या प्लेटीचं, ते सांगणारं काही उरलं नव्हतं. प्लेटीच्या आतल्या कडेला बारीक आकडे कोरलेले असतात, पण ते मी उतरून घेतले नव्हते. यादी करणाऱ्या बाईने करू नये अशी ही चूक होती.

अक्का डोक्याला हात लावून म्हणाल्या, "मी पाणी मारलं, बाईनी खळ लावली, जेवली झुरळं."

अण्णा मात्र हसले. "आता चकती ठेवायला नको," म्हणाले. "मला आवाज ठाऊक हाय की. एकेक लावू, मी सांगतो."

त्याच आठवड्यात मला दुसरी गोष्ट कळली. सकाळचा भोंगा होऊन गेला होता, पेठेतली माणसं डबे घेऊन गिरणीकडे निघाली होती आणि अण्णा ओट्यावर निवांत दात घासत होते. मला पाहून विचारलं, "आज भोंगा झाला न्हाय अजून?" आतून अक्का बाहेर आल्या. "झाला की! सगळी पेठ गेली, तुमी हितंच!" अण्णांनी तोंड धुतलं आणि डबा उचलून गिरणीकडे गेले. साचेखात्यात मागांच्या आवाजाने बरेच जण असे हळूहळू बहिरे होत. डॉक्टरांनी कान पाहून सांगितलं, गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही.

रविवारी अण्णा माझ्या दारात उभे राहिले. "एका बैठकीला किती प्लेटी होतील?"

"आठ."

"मग किती रविवार?"

"चौदा. दसऱ्याच्या आसपास संपेल."

"तोवर कान टिकवतो," ते म्हणाले. "पण या खेपेला चौथा रकाना आधी. कान गेल्यावर नावं तुमी वाचाल. कुणासाठी ते कोण सांगणार?"

आम्ही एकही रविवार सोडला नाही. मी प्लेट लावायची, अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे. "मास्तरांच्या बंगल्यावरची तिसरी." मी वहीत तिसरा रकाना बघून नाव काढायची, या खेपेला कोरलेले आकडेही लिहायची. मग चौथा रकाना. ती वही आज माझ्यासमोर आहे. तेवीस: ज्याला रागानं घर सोडायचंय त्याला, निघायच्या आधी. एकेचाळीस: नव्या सुनेला, सासू देवळात गेल्यावर. सदुसष्ट: कुणालाच नको, पण फोडू नका.

श्रावणात अण्णा कर्ण्यात डोकं घालून बसू लागले. मी लोखंडी सुई लावायचं सुचवलं. आवाज दुप्पट येतो, नऊ-दहा रविवारांचा तर प्रश्न होता. अण्णा माझ्यावर कधी चिडले असतील तर तेवढं एकदाच. "माझा कान गेला म्हणून तिला खरवडू? पुढं ऐकणाऱ्यानं काय ऐकायचं? माझा भैरेपना?"

त्यांना काटे आणून देणारा बिरा धनगर बाजाराच्या दिवशी आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. बिरा एक निळी प्लेट ऐकल्याशिवाय पेठेतून जात नसे. "ह्यो गडी मेंढरू हरवल्यावानी गातोय की," असं त्याचं तिच्याबद्दल मत होतं. पुढच्या बाजाराला त्याने हिवराचे लांब, पांढरे काटे आणले. "बाभळीपरीस कडक हाय. बगा तरी." आवाज थोडा वाढला. त्यावर पाच रविवार निघाले. मग तेही पुरेना, तेव्हा अण्णांनी फोनोच्या लाकडी पेटीची कड दातांत धरली. साच्याचं बेअरिंग बिघडलं की फिटर साच्याला टेकवलेली लोखंडी पट्टी दातांत धरून ते ओळखतात, असं त्यांनी सांगितलं. दातांतून ऐकून त्यांनी आणखी सव्वीस प्लेटी ओळखल्या. पेटीच्या कडेला त्यांच्या दातांच्या खुणा पडल्या.

शेवटच्या रविवारी शेवटची प्लेट लावली. अण्णांनी पेटी दातांत धरली, सोडली, पुन्हा धरली. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. काहीच येत नव्हतं. वहीत दोन ओळी मोकळ्या होत्या. एक हीच, आणि दुसरी आधीच्या एका प्लेटीची; ओळखताना चुकून आम्ही एकच नाव दोन प्लेटींना दिलं असणार. म्हणजे दोन नावं, आणि निवाडा करायला कान नाही.

"तुमी ऐका," अण्णा म्हणाले. "आन मला सांगा."

मी इतके रविवार त्या खोलीत बसले होते, पण माझं लक्ष वहीत असे. त्या दिवशी पहिल्यांदा मी वही मिटली. ऐकलं, आणि त्यांना दिसेल असं तोंड करून सावकाश सांगितलं. एकच माणूस आहे. तारांचं वाद्य आहे. पाय आपटतोय. पहिली ओळ दोनदा म्हणतो.

"तिसरीच्या आधी थांबतो?"

"थांबतो."

"किती?"

"एक श्वास."

"एक का दीड? नीट बघा. काटा बदला."

मी काटा बदलला आणि पुन्हा लावली. तिथे आल्यावर मी स्वतःचाही श्वास धरला. "दीड," मी बोटांनी दाखवलं.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "गार्डाची पहिली! लिवा. चूक सत्तावन्नला झाली, दुसरी ओळ तिची. ती एक श्वास थांबणारी." सत्तावन्न काढून पाहिली. तो माणूस एकच श्वास थांबत होता.

"आणि हिचा चौथा रकाना?" मी वहीवर बोट ठेवून विचारलं.

"हिचं मागनं."

दिवाळीनंतर अण्णांनी प्लेटी वाटायला काढल्या. वही घेऊन दारोदार फिरले. कुणासाठी लिहिलंय तसं माणूस शोधायचं, त्याला बसवायचं, काटा लावून ऐकवायची आणि डबीतले चार काटे देऊन यायचं. बिराची प्लेट माझ्याकडे ठेवली, कारण बिराकडे फोनो नव्हता. तो बाजाराच्या दिवशी येऊन ओट्यावर बसे, मी अण्णांच्या फोनोवर लावून देई.

सदुसष्ट सोडून ट्रंकेत एकच प्लेट उरली तेव्हा ती आणि फोनो घेऊन अण्णा माझ्याकडे आले. मागून अक्का, कर्णा काखेत धरून. अण्णांनी स्वतः काटा बसवला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"लिवा. ज्याला ऐकू येत न्हाय, त्याच्याजवळ बसून जो ऐकतो, त्याला."

मी तसंच लिहिलं. अण्णांनी प्लेट लावली, पेटीवर तळहात टेकला आणि ती वाजत होती तेवढा वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पुढे ते दोघं मुलाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. फोनो माझ्याकडेच राहिला.

आता घरात विजेवर चालणारं यंत्र आहे, मोठ्याने वाजतं. पण ती एक प्लेट मी जुन्या फोनोवरच लावते, हिवराच्या काट्याने. आवाज बारीक येतो. मी जवळ बसते.