टोपलीतली वाळू

तिला सगळे 'नाकवाली' म्हणत. सुका मासा नुसता हुंगून तो कधी वाळवला, आत ओल राहिली आहे का, हे ती सांगायची आणि तिचं सहसा चुकत नसे. नवरा गेल्यावर तिने सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेतली. बावीस वर्षं ती हद्द ओलांडून पलीकडच्या बाजारात मासे विकत आली. त्यावरच लेकीला शिकवलं.

मग योजनावाले आले. सीमेपलीकडच्या मासळी व्यापाराचा फायदा बायकांना आणि तरुणांना मिळवून द्यायचा, असं त्यांनी सभेत सांगितलं. बायकांना ओळखपत्रं मिळाली, तरुणांना प्रशिक्षण. लेक मासळीची तपासणी शिकली आणि थेट हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर नोकरीला लागली. पांढरा कोट, हातात चिमटा. नाकवाली गल्लीभर सांगत सुटली, "आता नाक्यावर आपलंच माणूस आहे!"

चौथ्याच दिवशी तिची टोपली लेकीच्या टेबलावर आली. लेकीने चिमट्याने एक मासा उचलला, पांढऱ्या ताटलीवर झटकला. वाळूचे चार कण पडले.

"जमिनीवर वाळवलेत," लेक खाली बघत म्हणाली. "हे चालत नाही."

"कधीपासून? याच माशांवर वाढलीस तू."

"आई, साहेब बघतायत. टोपली मागे घे."

रांगेतली एक बाई फिसकन हसली. "लेक झाली साहेबीण अन् आई हद्दपार!"

तेवढ्यात बाजूच्या फाटकातून मासळीचा ट्रक न थांबता निघून गेला. मागे कुबट वास रेंगाळत राहिला.

"आणि त्याला नाही तपासत?" नाकवालीने विचारलं.

"ट्रक साहेब बघतात. माझ्याकडे फक्त टोपल्या."

घरी आल्यावर लेकीने समजूत घातली. जमिनीपासून उंचावर, जाळीच्या मांडवावर मासे वाळवले की झालं, मांडव योजनेतून मिळतात.

"मागितला होता," नाकवाली म्हणाली. "स्वतःची जागा असेल त्यालाच देतात. मी किनाऱ्यावर वाळवते. किनारा माझ्या बापाचा आहे का?"

 तरी दुसऱ्या दिवशी लेकीने आणखी सात टोपल्या परत पाठवल्या. नोकरी टिकवायची होती. दोन महिन्यांत बायकांनी हात टेकले. कुणी धुणीभांडी धरली, कुणी आपली मासळी पडेल त्या भावात ट्रकवाल्याला देऊन टाकली. रांग आटत आटत संपली. टोपल्याच येईनात, तेव्हा साहेबांनी लेकीला बोलावून सांगितलं, की आता टोपल्या तपासणाऱ्याची गरज उरलेली नाही. कोट जमा करून घेतला.

हल्ली दोघी त्याच ट्रकवाल्याच्या शेडमध्ये, ओल्या फरशीवर समोरासमोर बसून मासे साफ करतात. एकदा लेक दबक्या आवाजात म्हणाली, "आई, त्या दिवशी मी सोडली असती तुझी टोपली, तर?" 'तू नाही तर दुसऱ्या कुणी अडवलीच असती', असं काहीतरी आई म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

नाकवालीने सुरी थांबवली नाही. "सोडायला हवी होतीस," ती म्हणाली.