ओवा-कापराची पुरचुंडी

मस्कतला कोरोनाच्या तपासणीच्या रांगेत माझ्यापुढचा तरुण मास्क खाली ओढून ओवा-कापराची पुरचुंडी हुंगत होता. आपल्याकडे सर्दीला हेच करतात. याला वाटत होतं, नाकात काडी जाण्याआधी हुंगलं की रोग सापडणारच नाही.

"मशीन काय तुझ्या आजीचं आहे?" मी खेकसलो.

"असू द्या हो काका. रिपोर्ट चांगला आला तरच विमानात घेतात."

हे मला सांगतो! चिपळूणला आई अंथरुणाला खिळली आहे. फोनवर "कधी येतोस?" एवढंच विचारते. माझ्या आजारपणाच्या विम्याचा माणूस हप्ता नेताना भाऊ-भाऊ करायचा. आता म्हणतो, साथीचा आजार त्यात बसत नाही. त्याला मी शिव्या तरी घालू शकलो. आयुष्यभर घासाघीस करून इथे दुकान उभं केलं, पण रोज बदलणाऱ्या या नियमांशी घासाघीस कशी करायची? समोर माणूसच नसतो.

"रागावू नका, तुम्हीही घ्या," म्हणत त्याने पुरचुंडी पुढे केली.

मी ती नाकाशी धरली. कापूर एवढा उग्र, पण मला कसलाच वास आला नाही. पुन्हा जोरात श्वास ओढला.

तरुण आत गेला. पुढचा नंबर माझा होता.